‘शकतो’ आणि ‘म्हणजे’ : कंपनीचं इंग्रजी लिहायला बसण्याआधी हे वाचा

मी नाशिकला अंबड एमआयडीसीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये क्वालिटीचं काम बघते आणि कस्टमरला जाणारी पत्रं, कोटेशन, एसओपी (काम कसं करायचं ते पायरीपायरीने सांगणारा कागद) हे सगळंही माझ्याकडेच असतं. दहावीपर्यंत मराठी मीडियम, निफाड तालुक्यातली शाळा, नंतर मेकॅनिकल डिप्लोमा. डिप्लोम्याला पुस्तकं इंग्रजी होती पण सर शिकवायचे मराठीतच, त्यामुळे वाचलेलं कळायचं, स्वतः चार ओळी लिहायची वेळ फारशी कधी आलीच नाही.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका मोठ्या कस्टमरने सांगितलं की तुमची केपेबिलिटी आणि कपॅसिटी लेटरहेडवर लिहून पाठवा. मी लिहिलं, ‘अवर मशीन कॅन एबल टू होल्ड क्लोज टॉलरन्स’ (टॉलरन्स म्हणजे मापात चालणारा कमी-जास्त फरक) आणि खाली ‘वुई मे सप्लाय ५००० नंबर्स पर मंथ’. चार दिवसांनी त्यांच्या परचेसमधून फोन. मॅडम, तुम्ही माल देणार आहात की नाही ते एकदा नक्की सांगा. मला म्हणायचं होतं ‘देऊ शकतो’, त्यांनी वाचलं ‘दिला तर देऊ’. पत्र दोनदा बदलून गेलं, शेवटी आमच्या सरांना स्वतः पुण्याला जाऊन बसावं लागलं आणि व्हेंडर अप्रूव्हल जवळजवळ महिनाभर लांबलं. सर एका शब्दाने बोलले नाहीत पण मला त्या महिन्यात नीट झोप नव्हती.

तेव्हापासून मी एक वही ठेवलीये. आता सातपूर, अंबड, सिन्नरच्या वर्कशॉपमधली नवीन मुलंमुली विचारायला येतात, कोणाला टेक्निकल बिड लिहायचं असतं, कोणाला फायनल इयरचा प्रोजेक्ट रिपोर्ट, म्हणून त्या वहीतलं सगळं इथे एकत्र लिहिते.

मुद्दा एकच आहे. आपल्याकडे ‘शकतो’ हा एक शब्द आणि ‘म्हणजे’ हा दुसरा, हे दोघं मिळून दहा-बारा कामं करतात, आणि बोलताना समोरच्याला संदर्भावरून बरोब्बर कळतं. फॉर्मल इंग्रजीत त्या प्रत्येक कामाला वेगळा शब्द आहे आणि चुकीचा शब्द पडला की व्याकरण बरोबर असूनही अर्थ बदलतो. त्यामुळे आधी मराठीतच ठरवायचं की माझा ‘शकतो’ कुठला आणि माझं ‘म्हणजे’ कुठलं. इंग्रजीचा नंबर त्याच्यानंतर.

बसण्याआधी जवळ काय काय हवं

- कस्टमरचं ड्रॉइंग आणि स्पेसिफिकेशन, लेटेस्ट रिव्हिजनचं
- मशीनचं मॅन्युअल, आणि मशीनवरच्या नेमप्लेटचा फोटो
- मागच्या दोन-तीन महिन्यांची इन्स्पेक्शन रिपोर्टं, गेजची कॅलिब्रेशन सर्टिफिकेटं
- लर्नर्स डिक्शनरी, ऑक्सफर्डची किंवा केंब्रिजची, दोन्ही ऑनलाइन फुकट बघता येतात. साधी इंग्रजी-मराठी डिक्शनरी या कामाला पुरत नाही, कारण तिच्यात अर्थ मिळतो पण ‘केपेबल’च्या पुढे ‘ऑफ’ येतो की ‘टू’ हे मिळत नाही. लर्नर्स डिक्शनरीत ते उदाहरणासकट दिलेलं असतं
- भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश, उलट्या बाजूने म्हणजे इंग्रजी टर्मचा मराठी अर्थ पक्का करायला
- एक वही. मोबाइलमधल्या नोट्स नको, वहीच

१. वाक्य आधी मराठीत लिहा आणि ‘शकतो’ कुठला ते ओळखा

ही पायरी सगळे गाळतात आणि मग तिथेच अडकतात. खरं तर मराठी या बाबतीत गरीब नाहीये, उलट खूप बारीक आहे, फक्त आपण ऑफिसात बसलो की सगळं सोडून ‘शकतो’वर येतो. घरी आपण काय बोलतो बघा.

‘मला पोहता येतं’, ही शिकलेली कला झाली. ‘उद्या सकाळपर्यंत जमेल’, इथे वेळ आणि परिस्थिती बघून सांगितलंय. ‘या टाकीत ६०० लिटर मावतं’, हे माप झालं. ‘संध्याकाळी पाऊस येऊ शकतो’, ही शक्यता. ‘तुम्ही आता आत जाऊ शकता’, ही परवानगी. आणि ‘हे झाकण काढता येतं’, ही त्या वस्तूची घडण.

इंग्रजीत गेलात की येतं आणि जमतं याला ‘कॅन’ किंवा ‘केपेबल ऑफ’, मावतं याला ‘हॅज अ कपॅसिटी ऑफ’, शक्यतेला ‘मे’ किंवा ‘माइट’, परवानगीला ‘मे’, आणि काढता येतं याला सरळ ‘रिमूव्हेबल’. म्हणून मी कच्च्या मराठी वाक्यात ‘शकतो’ला गोल करते आणि त्याच्या वर बारीक अक्षरात लिहिते, येतं, जमतं, मावतं, कदाचित, परवानगी. त्याला पाच मिनिटं लागतात. माझ्या त्या ५००० नगांच्या वाक्यावर मी ‘जमतं’ लिहिलं असतं तर हातून ‘मे’ पडलंच नसतं.

२. ‘कॅन’, ‘एबल टू’, ‘केपेबल ऑफ’ : तिघांपैकी एकच घ्या

‘कॅन एबल टू’ असं काही नसतं. ‘कुड एबल टू’ पण नसतं. शाळेत आपण कॅन बरोबर एबल टू असं पाठ केलं आणि मग वाक्यात दोन्ही ठेवून दिले. ‘कॅन’च्या पुढे थेट क्रियापद येतं, ‘द मशीन कॅन ड्रिल’. ‘एबल टू’च्या आधी इज, आर, वॉज, वेअर यातलं काहीतरी लागतंच.

मग ‘एबल टू’ची खरी गरज कुठे, तर जिथे ‘कॅन’ बसूच शकत नाही तिथे. ‘विल’, ‘मस्ट’, ‘शॅल’, ‘शुड’ यांच्यानंतर ‘कॅन’ येत नाही, तिथे ‘बी एबल टू’ लिहायचं. ‘द ऑपरेटर मस्ट बी एबल टू रीड द गेज’, हे एकदम बरोबर वाक्य आहे. आणि ‘एबल टू’ माणसाला, टीमला, कंपनीला शोभतं, मशीनला मी शक्यतो ‘कॅन’ किंवा ‘इज केपेबल ऑफ’ लावते.

‘केपेबल’च्या पुढे ‘ऑफ’, आणि ‘ऑफ’च्या पुढे आयएनजीवालं रूप. ‘केपेबल ऑफ होल्डिंग’. ‘केपेबल टू होल्ड’ हे मी आपल्या भागातल्या निम्म्या कंपनी प्रोफाइलमध्ये वाचलंय आणि ते चूकच आहे. ‘अबिलिटी’ला मात्र ‘टू’ लागतो, ‘द अबिलिटी टू होल्ड’. या दोघांत मुलांचा कायम घोळ होतो म्हणून वहीत समोरासमोर लिहून ठेवा.

भूतकाळात अजून एक खड्डा आहे. पूर्वी येत होतं, जमत होतं, असं सवयीचं सांगायचं असेल तर ‘कुड’. पण एका दिवशी एक काम करून दाखवलं असेल, म्हणजे ‘मागच्या शुक्रवारी ४०० पीस पाठवू शकलो’, तर तिथे ‘कुड डिस्पॅच’ लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं पाठवता आले असते, पाठवले की नाही देव जाणे. तिथे ‘वेअर एबल टू डिस्पॅच’. त्याहून चांगलं म्हणजे सरळ ‘डिस्पॅच्ड’. नकार असेल तर ‘कुड नॉट’ दोन्हीकडे चालतं.

‘इनेबल’ आणि ‘अलाऊ’ यांना मध्ये कोणीतरी लागतो. ‘द फिक्स्चर अलाऊज टू चेक’ (फिक्स्चर म्हणजे नग जागेवर घट्ट धरणारं साधन) असं लिहिलं तर वाक्य मधेच तुटल्यासारखं वाटतं, कोणाला चेक करू देतं ते सांगा, ‘द फिक्स्चर अलाऊज द ऑपरेटर टू चेक’. आणि ‘कॅनॉट’ एकच शब्द, मध्ये जागा नाही. ‘कान्ट’, ‘डोन्ट’ असली तोडकी रूपं फॉर्मल पत्रात टाळायची.

३. ‘क्षमता’ शब्दापाशी थांबा

मराठीत आपण दोन्हीला क्षमता म्हणतो आणि सगळ्यात महागाची चूक तिथे होते.

माझ्या वडिलांचा द्राक्षाला औषध मारायचा ब्लोअर आहे, ट्रॅक्टरच्या मागे जोडायचा. त्याची टाकी ६०० लिटरची. ही झाली कपॅसिटी, किती मावतं. पण तो ब्लोअर वेलीच्या आतल्या पानापर्यंत बारीक थेंब पोहोचवतो का, सगळीकडे सारखा मारतो का, ही झाली केपेबिलिटी. टाकी ६०० ची आहे म्हणून फवारणी चांगली होईल असं कुठलाही शेतकरी म्हणणार नाही. वर्कशॉपमध्ये मात्र आपण हेच करतो, ‘अवर केपेबिलिटी इज १०००० पीसेस पर मंथ’ असं लिहून मोकळे होतो. ती कपॅसिटी आहे. महिन्याला किती नग हा कपॅसिटीचा प्रश्न, ड्रॉइंगप्रमाणे टॉलरन्समध्ये सातत्याने निघतात का हा केपेबिलिटीचा.

ऑटोवाले कस्टमर ‘प्रोसेस केपेबिलिटी’ म्हणतात तेव्हा त्यांना शब्द नको असतात, आकडा हवा असतो, सीपी आणि सीपीके. सीपी म्हणजे टॉलरन्सची पूर्ण रुंदी भागिले सहा सिग्मा (सिग्मा म्हणजे मापं सरासरीभोवती किती पसरतात त्याचा आकडा), आणि सीपीके त्यात आपली सरासरी मध्यावर आहे की एका बाजूला सरकलीये तेही धरतो. सीपीके १.३३ किंवा १.६७ च्या वर दाखवा अशी मागणी नेहमी येते. तिथे ‘आमची केपेबिलिटी एक्सलंट आहे’ हे वाक्य कितीही छान इंग्रजीत लिहिलं तरी उपयोग नाही.

राहिली ‘अबिलिटी’, ती माणसाची किंवा जनरल, तिच्यात घोळ नाही.

४. ‘शॅल’, ‘शुड’, ‘मे’, ‘कॅन’ : हे चार शब्द वजनाचे आहेत

स्टँडर्ड लिहिणाऱ्यांनी हे पक्कं ठरवून ठेवलंय. आयएसओ आणि आयईसीचे जे ड्राफ्टिंगचे नियम आहेत, डायरेक्टिव्ह्ज पार्ट २, त्यात ‘शॅल’ म्हणजे बंधनकारक, ‘शुड’ म्हणजे शिफारस, ‘मे’ म्हणजे परवानगी, आणि ‘कॅन’ म्हणजे शक्यता किंवा क्षमता. सॉफ्टवेअरमध्ये असाल तर इंटरनेट स्टँडर्डवाल्यांचं आरएफसी २११९ आहे, १९९७ चं, त्यातही ‘मस्ट’, ‘शुड’, ‘मे’ यांचे अर्थ असेच बांधून दिलेत. कस्टमरची स्पेसिफिकेशन याच सवयीने लिहिलेली असते, त्यामुळे त्यांच्या कागदात ‘शॅल’ किती वेळा आलाय ते मोजा, तेवढ्या ठिकाणी तुम्हाला उत्तर द्यायचंय.

यातला एक ट्रॅप मी स्वतः शॉप फ्लोअरवर बघितलाय. एसओपीत मी लिहिलं होतं ‘द ऑपरेटर कॅनॉट ओपन द गार्ड’ (गार्ड म्हणजे मशीनच्या फिरत्या भागावरचं संरक्षक झाकण). माझ्या डोक्यात मराठी होतं, ‘ऑपरेटरला गार्ड उघडता येणार नाही’, आणि मराठीत ते मनाई म्हणून चालून जातं. इंग्रजीत त्याचा अर्थ निघाला की गार्ड उघडतच नाही, लॉक आहे. ऑडिटरने मशीनपाशी जाऊन गार्ड धरला आणि सहज उघडून दाखवला, म्हणाला, कागदावर तर लिहिलंय उघडत नाही. मनाई असेल तर ‘शॅल नॉट ओपन’. सेफ्टीच्या कागदावर ही चूक म्हणजे एखाद्याच्या बोटाचा प्रश्न आहे, त्यामुळे इथे अजिबात घाई करू नका.

‘मे नॉट’ तर मी वापरायचंच सोडलंय. त्याचे दोन अर्थ होतात, परवानगी नाही आणि कदाचित होणार नाही. पहिला हवा असेल तर ‘शॅल नॉट’, दुसरा हवा असेल तर ‘माइट नॉट’.

५. जे रोज करताय त्याला ‘कॅन’ लावू नका

‘वुई कॅन इन्स्पेक्ट एव्हरी पीस.’ वाचणारा विचारतो, करू शकता, पण करता का? तुम्ही खरंच प्रत्येक नग तपासत असाल तर ‘वुई इन्स्पेक्ट एव्हरी पीस’. आपल्याला वाटतं ‘कॅन’ने नम्र वाटतं, पण खरं तर आपणच आपल्या कामाची किंमत उतरवतो. नाशिकच्या छोट्या वर्कशॉपमध्ये किती बारकाईने काम चालतं हे मी रोज बघते, आणि ते काम कागदावर ‘करू शकतो’ होऊन जातं याचं मला खरंच वाईट वाटतं.

याच्या शेजारचे दोन शब्द. ‘इज डिझाइन्ड टू’ म्हणजे बनवणाऱ्याचा हेतू. ‘इज रेटेड अॅट’ म्हणजे ठरवून दिलेली मर्यादा. शेडमधल्या क्रेनवर एसडब्ल्यूएल ५ टन असं लिहिलेलं असतं, म्हणजे सेफ वर्किंग लोड, ती क्रेन त्याहून जास्त उचलूही शकेल कदाचित, पण तुमच्या कागदावर ५ टनच यायला पाहिजे. ‘कॅन लिफ्ट ६ टन’ असलं वाक्य चुकूनही लिहायचं नाही.

६. आकडा, मटेरियल, अट : वाक्याला वजन इथून येतं

माझं एक वाक्य कसं बदलत गेलं ते सगळं दाखवते, कारण नियम सांगून कळत नाही.

पहिलं होतं, ‘अवर सीएनसी कॅन डू बुश विथ क्लोज टॉलरन्स’. यात कुठलं सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन), केवढा बुश (नळीसारखा पोकळ भाग), क्लोज म्हणजे किती, काहीच नाही. मी मॅन्युअल उघडलं, रिपोर्टं काढली आणि लिहिलं, ‘टू अ टॉलरन्स ऑफ प्लस ऑर मायनस ०.०२ मिमी’. मग ते घेऊन मशीनवर गेले. आमचे ऑपरेटर दादा बावीस वर्षं टर्निंगवर आहेत. त्यांनी आकडा बघितला आणि म्हणाले, ‘ताई, पितळेला हे डोळे झाकून. माइल्ड स्टीललाही निघेल. स्टेनलेसला मात्र इन्सर्ट नवा असला तरच, नाहीतर चाळिसाव्या पीसनंतर साइज सरकायला लागते.’ (इन्सर्ट म्हणजे टूलवरची बदलता येणारी कापणारी धार.)

ही माहिती कुठल्याही मॅन्युअलमध्ये नव्हती. मग वाक्य झालं, ‘द टर्निंग सेंटर इज केपेबल ऑफ मशीनिंग ब्रास अँड माइल्ड स्टील बुशेस, अप टू ८० मिमी इन आउटसाइड डायमीटर, टू अ टॉलरन्स ऑफ प्लस ऑर मायनस ०.०२ मिमी’. स्टेनलेसची ओळ वेगळी लिहिली, तिथे टॉलरन्स ०.०३ दिला आणि इन्सर्ट किती नगांनी बदलतो तेही टाकलं. कस्टमरने स्टेनलेसच्या ओळीवर एकही प्रश्न विचारला नाही. अट लिहिली की आपण कमी पडतो असं वाटतं सुरुवातीला, पण वाचणारा इंजिनिअर असतो, त्याला स्टेनलेस कसं वागतं ते माहीत असतं आणि अट न लिहिणाऱ्यावरच तो शंका घेतो.

तर प्रत्येक क्षमतेच्या वाक्यात हे बघा: कोण किंवा कुठलं मशीन, काय करतं, किती, कुठल्या युनिटमध्ये, कुठल्या अटीत. ‘हाय क्वालिटी’, ‘वर्ल्ड क्लास’, ‘स्टेट ऑफ द आर्ट’ हे शब्द काढून टाका, त्यांच्या जागी आकडा आला तर ठेवा, नाही आला तर ते वाक्यच नको.

७. व्याख्या : आधी घराणं सांगा, मग वेगळेपण

आता ‘म्हणजे’कडे येऊ. व्याख्या करताना इंग्रजीत ठरलेली चाल आहे. ज्याची व्याख्या करायची तो शब्द, मग तो कुठल्या प्रकारात मोडतो, मग त्या प्रकारातल्या बाकीच्यांपासून तो वेगळा कसा.

हे आपल्याला परकं नाहीये. आपल्या न्यायशास्त्रात लक्षण कसं करायचं यावर केवढा काथ्याकूट झालाय, आणि तिथे लक्षणाचे तीन दोष सांगितलेत, अतिव्याप्ती, अव्याप्ती आणि असंभव. उदाहरण गायीचं. शिंगं असलेला प्राणी म्हणजे गाय म्हटलं तर म्हैस पण आत येते, ही अतिव्याप्ती. तांबूस रंगाचा प्राणी म्हणजे गाय म्हटलं तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. एकच सलग खूर असलेला प्राणी म्हटलं तर एकही गाय बसत नाही, हा असंभव. गळ्याखाली लोंबणारी कातडी, सास्ना, हे खरं लक्षण. मला हे शेजारच्या एका रिटायर्ड संस्कृतच्या काकांनी सांगितलं आणि त्या दिवसापासून माझं व्याख्यांचं काम निम्मं सोपं झालं.

आता हेच जिगला लावा. ‘अ जिग इज अ डिव्हाइस दॅट होल्ड्स द वर्कपीस’ लिहिलं तर फिक्स्चर पण त्यात बसतो, अतिव्याप्ती. ‘अ डिव्हाइस दॅट गाइड्स अ ड्रिल’ लिहिलं तर रीमिंगचा (पाडलेलं भोक नेमक्या मापाला आणायचा) जिग बाहेर, अव्याप्ती. ‘अ जिग इज अ कटिंग टूल’ लिहिलं तर असंभव, जिग कापत नाही. बरोबर व्याख्या, ‘अ जिग इज अ वर्कहोल्डिंग डिव्हाइस दॅट लोकेट्स द वर्कपीस अँड गाइड्स द कटिंग टूल’. फिक्स्चर नुसता धरतो आणि जागेवर बसवतो, टूलला वाट दाखवत नाही, तेवढ्या एका ‘गाइड्स’ शब्दावर दोघांची वाटणी होते.

लिहिताना सांभाळायचं ते असं:

‘इज व्हेन’ आणि ‘इज व्हेअर’ नको. ‘रीवर्क इज व्हेन वुई डू द जॉब अगेन’ हे बोलण्यातलं वाक्य झालं. रीवर्क ही वेळ नाहीये, ती कृती आहे, म्हणून प्रकार ‘अॅक्शन’. आयएसओ ९००० मध्ये रीवर्क आणि रिपेअर दोन्हीच्या व्याख्या आहेत आणि दोन्ही ‘अॅक्शन’नेच सुरू होतात. रीवर्क केल्यावर माल रिक्वायरमेंटमध्ये बसला पाहिजे, रिपेअर केल्यावर तो वापरायला चालला पाहिजे, भले ड्रॉइंगप्रमाणे नसेना का. आपण शॉप फ्लोअरवर दोन्हीला ‘दुरुस्त केलं’ म्हणतो आणि रिपोर्टमध्ये कुठलाही एक टाकतो, कस्टमर मात्र रिपेअरला वेगळी परवानगी मागतो.

गोल फिरू नका. ‘कॅलिब्रेशन इज द प्रोसेस ऑफ कॅलिब्रेटिंग’ यातून कोणाला काही मिळत नाही.

‘दॅट’च्या आधी स्वल्पविराम नको. व्याख्येतलं वेगळेपण हे वाक्याचा भाग असतं, जादाची माहिती नसते, म्हणून ‘दॅट’, स्वल्पविरामाशिवाय. ‘विच’ स्वल्पविराम देऊन येतो तेव्हा ती माहिती काढून टाकली तरी चालेल असा अर्थ होतो.

आणि एक सुंदर टेस्ट, स्टँडर्डवाले हीच लावतात. व्याख्या उचलून वाक्यात मूळ शब्दाच्या जागी ठेवून बघा. वाक्य वाचता आलं तर व्याख्या बरोबर. म्हणूनच स्टँडर्डच्या टर्म्सच्या यादीत व्याख्या ‘अ’ किंवा ‘द’ने सुरू होत नाही. तुम्ही पूर्ण वाक्य लिहिताय तेव्हा मात्र ‘अ’, ‘अॅन’ विसरायचं नाही.

८. ‘म्हणजे’साठी क्रियापद कुठलं

‘इज डिफाइन्ड अॅज’ : या कागदापुरता अर्थ मी बांधतोय.
‘मीन्स’ : करारात, टेंडरमध्ये. याच्या आधी ‘इज’ लावू नका, ‘इज मीन्स’ हे ‘कॅन एबल टू’चं सख्खं भावंड आहे.
‘रेफर्स टू’ : हा शब्द कशाला उद्देशून आहे.
‘इज कॉल्ड’ : आधी वर्णन, शेवटी नाव. इथे ‘अॅज’ नको. आपण ‘असं म्हणतात’ म्हणतो ना, तो ‘असं’ इंग्रजीत घुसतो आणि ‘इज कॉल्ड अॅज’ होतं. ‘नोन अॅज’ आणि ‘डिफाइन्ड अॅज’ला ‘अॅज’ हवा, ‘कॉल्ड’ला नको.
‘स्टँड्स फॉर’ : शॉर्ट फॉर्म उलगडायला.
‘कन्सिस्ट्स ऑफ’ : सगळे भाग सांगायचे. ‘कम्प्रायझेस’ पण तेच, पण त्याला ‘ऑफ’ लागत नाही.

करारात ‘मीन्स’ आणि ‘इन्क्लूड्स’ यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आपल्याकडच्या कायद्यांच्या भाषेत ‘मीन्स’ म्हटलं की यादी बंद, तेवढंच आणि तेवढंच. ‘इन्क्लूड्स’ म्हटलं की यादी उघडी, अजूनही काही आत येऊ शकतं. टेंडरमध्ये ‘टूलिंग इन्क्लूड्स जिग्स अँड गेजेस’ असं असेल तर सही करण्याआधी विचारा की अजून काय काय, कारण उद्या कटिंग टूलचा खर्चही तुमच्याच गळ्यात पडू शकतो.

तसंच ‘आय.ई.’ आणि ‘ई.जी.’. पहिलं ‘म्हणजेच’, दुसरं ‘उदाहरणार्थ’. ‘मेजरिंग इन्स्ट्रुमेंट्स, आय.ई. व्हर्निअर अँड मायक्रोमीटर’ लिहिलंत तर तुमच्याकडे हाइट गेज नाही असा अर्थ झाला.

९. सेफ्टीच्या कागदावरचा एक शब्द

‘एबल’ लागलेली विशेषणं, अॅडजस्टेबल, डिटॅचेबल, वॉशेबल, खूप कामाची आहेत, वाक्य लहान होतं. पण एक जपून. ‘फ्लेमेबल’ आणि ‘इन्फ्लेमेबल’ दोन्हीचा अर्थ पेट घेणारं. ‘इन’ बघून न पेटणारं समजू नका. थिनरच्या, कटिंग ऑइलच्या ड्रमवर काही लिहायची वेळ आली तर ‘फ्लेमेबल’ आणि ‘नॉन-फ्लेमेबल’ एवढेच दोन शब्द वापरा.

१०. पाठवण्याआधी शोधा आणि उलटं वाचा

फाइल उघडून कंट्रोल-एफ दाबा आणि एकेक शोधा: ‘मे’, ‘कॅन’, ‘केपेबल टू’, ‘कॉल्ड अॅज’, ‘इज व्हेन’. ‘मे’ आणि ‘कॅन’ जिथे जिथे सापडेल तिथे थांबून विचारा की हा कुठला ‘शकतो’. स्पेल चेकवर विसंबू नका, ‘मे सप्लाय’ला तो काही म्हणत नाही, कारण वाक्य म्हणून ते बरोबरच आहे.

एक शब्द एकाच अर्थाने शेवटपर्यंत ठेवा. शाळेत निबंधाला शब्द बदलून लिहा सांगायचे, इथे उलट. पहिल्या पानावर ‘पार्ट’, दुसऱ्यावर ‘कम्पोनंट’, तिसऱ्यावर ‘जॉब’ असं झालं तर वाचणारा तीन वस्तू शोधत बसतो.

मग प्रिंट काढा आणि इंग्रजी वाक्य बघून मराठीत मोठ्याने सांगा, जो माणूस ते काम करतो त्याला. मी दादांना सांगते, दुपारच्या चहाच्या वेळी. ते मान हलवतात तोवर पुढे जाते, आणि ‘असं नाही होत ताई’ म्हणाले की पेनाने तिथे खूण करून परत खुर्चीवर.

पाठवलेल्या पत्राची सही केलेली कॉपी फाइलला लावा, तारखेसकट. ऑडिटला येणारा माणूस तेच पत्र हातात घेऊन मशीनपाशी उभा राहतो आणि ओळीवर बोट ठेवून म्हणतो, हे दाखवा.